चिंगीला आलेली नोटीस

१

नोटीस घेऊन आलेला हवालदार भाविकाला चांगला ओळखत होता. दर शुक्रवारी तो तिच्याकडूनच सुके बोंबील न्यायचा. तरी कागद पुढे करताना त्याने नाव मोठ्याने वाचलं, "भाविका ऊर्फ चिंगी, राहणार तारोडी." सही घेतल्यावर मात्र आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, मला काय विचारू नका. वरून आलंय."

भाविका तेव्हा खळ्यावर होती. खळं म्हणजे गावाच्या किनाऱ्यालगतची मासळी वाळवायची मोकळी जागा. तिथे बांबूच्या आडव्या वलांड्यांवर बोंबील टांगलेले असतात, आणि कोणाची वलांडी कुठली हे आजेसासवांच्या काळापासून ठरलेलं असतं. या जागेवर पर्यटकांच्या गाड्यांसाठी वाहनतळ व्हायचा होता आणि भूमिपूजनाला दुसऱ्या दिवशी मंत्री येणार होते. भाविका मच्छीविक्रेत्या बायकांच्या संस्थेची अध्यक्ष. तिने हात पदराला पुसले आणि नोटीस वाचायला घेतली. तिसऱ्या ओळीवर ती थांबली.

तिसऱ्या ओळीत तिचाच मेसेज होता. शब्दन् शब्द.

"उद्या मंत्री येतील तेव्हा डोंगरीच्या वळणावर रिकाम्या टोपल्या घेऊन रस्त्यात बसायचं. घोषणा नकोत. कोणी हात लावला तर उलटा हात उचलायचा नाही."

हा मेसेज तिने एकाच ठिकाणी टाकला होता, 'खळं बचाव' या ग्रुपवर. ग्रुपमध्ये तारोडीबाहेरचा एकही माणूस नव्हता. जे होते ते एकमेकांच्या लग्नात पंगती वाढलेले आणि मयताला खांदा दिलेले.

दुसऱ्या दिवशी डोंगरीच्या वळणावर बायकांच्या आधी महिला पोलीस येऊन बसल्या. मंत्री आले, नारळ फुटला, आणि सत्ताधारी पक्षाच्या शहरप्रमुखांनी माईक हातात घेतला. "कोण कुठे काय शिजवतंय ते आता सरकारला वेळेत कळतं!" ते गरजले. "मेसेज पडताळणीला विरोध करणाऱ्यांनो, चाचणी आपल्याच भागात झाली, आणि यशस्वी झाली!"

मेसेज पडताळणीवरून गेले काही महिने राज्यभर रान पेटलं होतं. सरकारने कायद्याचा मसुदा आणला होता. कोणाचाही खासगी मेसेज समोरच्याला पोचण्याआधी यंत्राने तपासायचा, संशय आला तर पोलिसांना कळवायचं. कायद्याच्या बाजूचे म्हणत, पोरांना फसवणारे आणि दंगली पेटवणारे याने पकडले जातील. विरोधातले म्हणत, एका चोरासाठी गावातल्या प्रत्येक घराचं कुलूप काढून ठेवणार का? टीव्हीवर रोज भांडणं होत आणि तारोडीतली माणसं ती बघता बघता जेवत. आता ते भांडण त्यांच्या अंगणात येऊन उभं राहिलं होतं.

संध्याकाळपर्यंत गावात दोन तट पडले. निम्मी माणसं म्हणाली, यंत्राने वाचलं. उरलेल्यांना यंत्राची गरज वाटली नाही. बोटवाल्या नीलेशची बायको हेमाली पोलिसांच्या नियंत्रण कक्षात फोन घ्यायला कंत्राटावर होती, आणि ती ग्रुपमध्येही होती.

दिवेलागणीला हेमालीने फोन उघडला. तिला ग्रुपमधून काढलं होतं.

२

"हे सोनं आहे, संचिता," निकेत फोनवर म्हणाला. "नुसतं सोनं. शहरप्रमुखाने माईकवरून कबूल केलंय की कायदा व्हायच्या आधीच मेसेज वाचले. सोमवारी कोर्टात हेच पहिलं ठेवायचं."

ॲडव्होकेट संचिता तोडणकर भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहायची. निकेत पडताळणीविरोधी मोहीम चालवायचा आणि मोहिमेची हायकोर्टातली याचिका संचिताकडे होती. आतापर्यंत त्यांच्याकडे युक्तिवाद पुष्कळ होते, पण 'माझा मेसेज वाचला' असं सांगणारा एकही जिवंत माणूस नव्हता.

"प्रतिज्ञापत्र करते," ती म्हणाली. "पण आधी जाऊन बघते."

"बघायचं काय त्यात? नोटीस आहे, भाषणाचा व्हिडिओ आहे."

"निकेत, तू बातमी वाचून खूश होतोस. माझी उलटतपासणी होते."

शनिवारी सकाळी ती उत्तनच्या बसने तारोडीला उतरली. भाविकाने तिला ओट्यावर बसवलं, सरबत दिलं आणि विचारायच्या आधीच सुरुवात केली.

"मॅडम, मशीनच आहे. माझी खात्री पटली. कशामुळे सांगू? हे बघा." तिने नोटिशीतल्या नावावर बोट ठेवलं. "चिंगी! अहो, हे माझं लहानपणीचं नाव. माझ्या नवऱ्यालाही मी सांगितलं नव्हतं, हसेल म्हणून. आधार कार्डावर नाही, बँकेत नाही. पोलिसांना कुठून कळलं? म्हणजे त्या मशीनमध्ये सगळं आहे. माझ्या बापाने मला किती वेळा मारलं तेही असेल."

"तुम्हाला चिंगी कोण म्हणायचं?"

"आईच्या माहेरचे. आता कोण राहिलंय? तुळशीराम मामा म्हणायचे. ते गेले गणपतीनंतर." भाविकाने फोन उघडून ग्रुपमधली नावं दाखवली. पहिलंच नाव तुळशीरामचं होतं. फोटोत एक दणकट म्हातारा हातभर लांबीची घोळ मासळी उचलून हसत होता. सदऱ्याच्या खिशातून जाळ्याच्या हिरव्या दोरीला बांधलेला मोबाइल डोकावत होता. "ग्रुप त्यांनीच काढला. नंतर मला चालवायला दिला."

"यांचं नाव अजून आहे इथे?"

भाविकाने तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने चपला घालून देवळात पाऊल ठेवलं होतं. "वर्षश्राद्ध व्हायचंय, मॅडम. वर्षाच्या आत मामांना कोण काढेल?"

संचिताने मान डोलावली. "आणि हेमाली?"

भाविकाचा चेहरा आक्रसला. "मी तिचं नाव घेत नाही. पण गाव घेतंय. ती म्हणाली असती की मी मेसेज बघितलाच नाही, तर प्रश्न मिटला असता. पण तसं म्हणायला सोय नाही." तिने मेसेज समोर धरला. त्याच्या कोपऱ्यात दोन निळ्या खुणा होत्या. "तासाभरात निळं झालं होतं. म्हणजे सगळ्यांनी वाचलं. तेव्हा किती बरं वाटलं होतं मला! म्हटलं, गाव एक आहे."

"गाव आता काय करणार?"

"रविवारी गावकीची बैठक. देवळासमोर." भाविकाने फोन खाली ठेवला. "वाळीत टाकणं गुन्हा आहे, माहितीये आम्हाला. तो शब्द कोणी काढणार नाही. फक्त नीलेशच्या बोटीवर खलाशी चढणार नाहीत. आणि तिच्या सासूच्या वलांडीवर दुसऱ्या कोणाचे तरी बोंबील टांगलेले दिसतील."

३

हेमाली घरीच होती. दुपारची ड्युटी होती. तिने संचिताला आत घेतलं, पण दार उघडंच ठेवलं, समोरच्या घरातून बघणाऱ्यांना नीट दिसावं म्हणून.

"मेसेज मी वाचला," ती म्हणाली. "कोणाला सांगितला नाही. झालं. अजून काय लिहायचंय?"

"तुमच्या कक्षात तो मेसेज कुठून आला, काही ऐकलंत?"

"ऐकलं असतं तरी सांगितलं नसतं. इथलं मी तिथे सांगत नाही, तिथलं इथे सांगत नाही. लग्न करून आले तेव्हाच नीलेशला बोलले होते."

"पण हेमाली, तुम्ही एवढं जरी म्हणालात की तिथे मशीन आहे, तरी गाव तुम्हाला सोडेल."

हेमाली पहिल्यांदा हसली. "मशीन? मॅडम, आमच्याकडे एसीचा रिमोट हरवलाय तो दिवाळीपासून सापडत नाही." मग हसू गेलं. "नसलेलं आहे म्हणून सांगू? माझी सासू तीन दिवस खळ्यावर गेली नाहीये. मासळी घरात वास मारतेय. तरी मी खोटं बोलणार नाही, आणि खरं बोलायची मला परवानगी नाही."

दारात तिची सासू उभी होती. तिने सुनेच्या पाठीवर हात ठेवला नाही, पण आत जाऊन संचितासाठी पाणी घेऊन आली. त्यावरून सासू कोणाच्या बाजूची ते कळलं.

बोटमालकांच्या संस्थेचा सचिव साहिल किनाऱ्यावरच्या आपल्या चहाच्या टपरीत सापडला. पर्यटक वाढले तर याचा धंदा वाढणार, म्हणून वाहनतळाला त्याचा विरोध मनातून नव्हता, हे भाविकाने येतानाच सांगितलं होतं. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत भाविकाच्या गटाने त्याच्या बायकोला पाडलं होतं, हेही.

"आओ, आओ, वकील मॅडम. मलाच विचारायला आलात ना? सबको मालूम है, साहिलला पार्किंग पाहिजे." त्याने चहा पुढे सरकवला. "पाहिजेच. खोटं कशाला बोलू? पण मी फोडला असता तर आधी स्वतःचं नाव वाचवलं असतं. संस्थेचा सचिव म्हणून मला पण नोटीस आलीये. हे बघा, पूर्ण नाव, बापाचं नाव, सगळं आधार कार्डासारखं."

"भाविकाच्या नोटिशीत टोपणनाव आहे."

"चिंगी! वाचलं मी. पोट धरून हसलो. पंचवीस वर्षं शेजारी राहतोय, मला माहिती नव्हतं. माहिती असतं तर निवडणुकीत बॅनरवर टाकलं असतं." मग तो गंभीर झाला. "उद्या बैठकीत मीच विषय काढणार आहे. हेमालीचा. कोणी तरी काढायला पाहिजे."

"पुरावा?"

"पुरावा म्हणजे काय? ग्रुपमध्ये पोलिसांचं मीठ खाणारं माणूस एकच आहे."

संचिता उठली. साहिलने चिंगी हे नाव ऐकलंच नव्हतं. हेमाली तर दोन वर्षांपूर्वी या गावात आलेली. मग ते नाव पोलिसांच्या कागदावर चढवलं कोणी? यंत्राने म्हणावं, तर यंत्राला तरी कोणी सांगितलं?

चिंगी म्हणणारा एकच माणूस होता, आणि तो गणपतीनंतर गेला होता.

४

तुळशीरामची बायको गोदूबाई पडवीत बसून सुकटीतला कचरा निवडत होती. तिच्याकडून एक म्हातारा निरोप घेत होता. पावसाळा नसूनही त्याच्या हातात लांब काळी छत्री होती.

"येतो गोदू. उद्या बैठकीला प्रणितला घेऊन येतो. त्याच्या पक्षाची वट हाय, मध्ये पडला तर भांडण मिटंल."

"बघा दाजी. मिटलं तर बरंच हाय."

तो गेल्यावर गोदूबाईने सांगितलं, "आमच्या नणंदेचा मालक. डोंगरीला असतात. प्रणित त्यांचा पोर, यांचा भाचा. शहरप्रमुखाच्या मागंमागं हिंडतो. बस बाय, अशी उन्हात क्याला उभी?"

संचिताने तिला भाविकाबद्दल विचारलं. म्हातारी खुलली. "चिंगी व्हय? शिमग्याला जल्मली, चिंगळी कोलंबीसारखी लाल नि वळवळी. मामानं उचलली नि म्हनला, ही चिंगी. आमचा मानूस शेवटपत्तर तिला चिंगीच म्हनायचा. पन घरातल्या घरात, चारचौघांत न्हाय. दुसऱ्या कोनाला म्हनू द्यायचा न्हाय."

"तुमच्याकडे मोबाइल आहे, आजी?"

"मना क्याला? मना हाक मारता येते."

"आजोबांचा?"

गोदूबाईचे हात थांबले. तिने सूप खाली ठेवलं आणि नजर वळवली. "बाराव्याला भाच्याला पाटावर बसवून दान दिलं. धोतर, वहाना, छत्री. यांचं जे जे आवडीचं होतं, ते दिलं. दिलेल्या वस्तूचं नाव काढायचं न्हाय, बाय. नाव काढलं की मेलेल्याचा जीव मागं वळतो. वरीस होईपत्तर तरी न्हाय."

संचिताने पुढे विचारलं नाही. तिला वाटलं, आपण म्हातारीच्या दुःखावर पाय दिला. तिने वहीत लिहिलं, 'गोदूबाई – मोबाइल वापरत नाही,' आणि ती परतीच्या बसला निघाली.

अर्ध्या वाटेवर तिला कळायचं होतं की तपासातलं सगळ्यात मोठं उत्तर ती नुकतंच ऐकून, शरमून, सोडून आली होती.

५

बसमध्ये निकेतचा मेसेज आला. तिने सकाळी मोहिमेच्या ग्रुपवर टाकलेल्या मजकुराचा त्याने फोटो काढून उलट पाठवला होता, खाली प्रश्न: 'हे वाक्य प्रेसला देऊ का?'

संचिताने फोटो बघितला आणि लगेच त्याला फोन लावला.

"निकेत, हे काय आहे? मजकुराच्या वर माझं नाव 'संचिता खडूस' आहे."

"अगं, ते... दोन संचिता आहेत माझ्या फोनमध्ये."

"आणि दुसरी?"

"दुसरी नुसती संचिता."

एरवी तिने त्याला सोडलं नसतं. पण आता तिचं लक्ष त्या फोटोवर होतं. स्क्रीनचा फोटो काढला, की पाठवणाऱ्याचं खरं नाव त्यात येत नाही. ज्याच्या फोनवरून फोटो काढला, त्याने जे नाव साठवलंय ते येतं. पोलिसांना यंत्राने काही दिलं असतं तर नंबर मिळाला असता, आणि नंबरावरून नोंदलेलं पूर्ण नाव, साहिलच्या नोटिशीवर होतं तसं. भाविकाच्या नावापुढे मात्र 'ऊर्फ चिंगी' लागलं, कारण कोणीतरी त्यांना फोटो दिला होता. अशा फोनवरून, ज्यात भाविका 'चिंगी' होती.

"ऐकतेयस ना?" निकेत म्हणाला. "वाक्य देऊ का? ग्रुपवर विचारलं, कोणी उत्तर देईना. अजून निळंसुद्धा झालं नाही. ग्रुपमधला अथर्व विमानात आहे बहुतेक, त्याचा फोन बंद आहे."

"परत बोल."

"अथर्व विमानात—"

"एकाचा जरी फोन बंद असला, तर निळं होत नाही."

"अर्थात. सगळ्यांनी वाचल्याशिवाय कसं होईल?"

संचिताने पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. ज्या निळ्या खुणांनी हेमालीला अडकवलं, त्याच आता तिला सोडवत होत्या. ग्रुपमध्ये एक मेलेला माणूस होता. त्याच्या असण्याने भाविकाचा मेसेज कधीच निळा व्हायला नको होता. आणि तो तासाभरात निळा झाला होता.

जे जे आवडीचं होतं, ते दिलं.

तिने निकेतला सगळं सांगितलं. तो सावकाश म्हणाला, "सोमवारपर्यंत थांब."

"रविवारी बैठक आहे."

"एक दिवस, संचिता. सुनावणी होऊ दे. त्यानंतर गावात जाऊन सांग. तुला खोटं बोलायला सांगत नाहीये, फक्त उशिरा बोल. शहरप्रमुख स्वतःच माईकवर फुशारकी मारतोय, ती आपण खोटी ठरवायची? आपल्याकडे दुसरं काय आहे?"

"त्या एका दिवसात एका बाईची वलांडी जाईल. एकदा दुसऱ्याचे बोंबील टांगले की परत मिळत नाही ती."

"आणि लाखो लोकांचे मेसेज?"

संचिता म्हणाली, "ज्यांचे मेसेज वाचवायचे म्हणतो, त्यातलीच एक आहे ती. तीसुद्धा अशी, जिने कोणाचं काही फोडलं नाही. तिला सोडून मी कोणाची वकील?"

६

रविवारी देवळासमोर सतरंज्या पडल्या. हेमालीच्या घरची माणसं एका टोकाला बसली होती, आणि त्यांच्या भोवती हातभर जागा आपोआप रिकामी राहिली होती. दाजी सतरंजीच्या मागच्या कडेला बसले होते. त्यांचा मुलगा प्रणित मागे मोटरसायकलला टेकून उभा होता, पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला टिळा, नजर सगळ्यांवर.

साहिलने ठरल्याप्रमाणे विषय काढला. तो संपायच्या आत संचिता उठली.

"मी बाहेरची आहे. दोनच प्रश्न विचारते. भाविकाताई, तुमचा तो मेसेज उघडा. त्यावर बोट दाबून धरा. कोणी कोणी वाचला, त्याची नावं येतील. मोठ्याने वाचा."

भाविकाने नावं वाचायला सुरुवात केली. प्रत्येक नावाला कोणी ना कोणी मान हलवत होतं. साहिलचं आलं, हेमालीच्या नवऱ्याचं आलं. मग भाविका थांबली.

"वाचा ना," साहिल म्हणाला. "क्या हुआ?"

"मामा," भाविका म्हणाली. "तुळशीराम मामांनी वाचलाय."

एका म्हातारीने कपाळाला हात लावला.

"भूतबीत काही नाही," संचिता शांतपणे म्हणाली. "मामांच्या फोनमध्ये भाविकाताई 'चिंगी' म्हणून असणार. त्या फोनवरून मेसेजचा फोटो निघाला आणि पोलिसांकडे गेला. म्हणून नोटिशीत ते नाव आलं. यंत्राला ते नाव ठाऊक नव्हतं. हेमालीला नव्हतं. साहिलभाऊंनाही नव्हतं, नाहीतर ते बॅनरवर लागलं असतं."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"दुसरा प्रश्न. फोन कुठे आहे? तो मला विचारता येत नाही, कारण त्याचं उत्तर द्यायचं नसतं, असं मला काल सांगितलं गेलं."

सगळ्यांच्या नजरा गोदूबाईकडे वळल्या. ती देवळाच्या पायरीवर बसली होती. तिने पदर सावरला. मग म्हणाली, "चिंगे, लाव त्याला."

"मामी..."

"लाव म्हनते ना."

भाविकाने ग्रुपमधूनच तुळशीरामच्या नावावर कॉल लावला.

बोटीचा भोंगा वाजला. लांब, घोगरा, दोनदा. तारोडीत तो भोंगा सगळ्यांना पाठ होता. तुळशीराम घोळक्यात कुठेही असला तरी त्या आवाजावरून सापडायचा. आवाज मोटरसायकलच्या पिशवीतून येत होता.

प्रणित वाकला, पण त्याच्या आधी दाजी तिथे पोचले. म्हाताऱ्याने पिशवीत हात घातला आणि फोन बाहेर काढला. त्याला जाळ्याची हिरवी दोरी बांधलेली होती.

"कार्ड चालू न्हाय म्हनत होतास," दाजी म्हणाले.

"माझ्या फोनच्या वायफायवर चालतो, बाबा." प्रणित कोणाकडे बघत नव्हता. "पक्षाचे ग्रुपही मी त्यातच घेतले होते. यांचा मेसेज आला, मी साहेबांना फक्त दाखवला. म्हटलं, रस्त्यावर बसल्या तर लाठ्या पडतील. साहेब म्हणाले, पुढचं मी बघतो. ते मशीनचं वगैरे साहेब बोलले. मी नाही बोललो."

"मामाच्या नावावर मामाच्या पोरींचं बोलनं ऐकत बसलास," गोदूबाई म्हणाली. "आनि हेमालीचं नाव निघालं तवा गप बसलास?"

दाजींनी फोन पुढे केला. "गोदू, हा घे परत. आम्हाला नको."

"दिलेलं परत घेत न्हाय मी." तिने हात पदराखाली घेतले. "त्याचं तुम्ही बघा. पन नाव त्याचं हाय. चिंगे, नाव काढ."

"मामी, वर्ष व्हायचंय अजून."

"मेल्या मानसाला खबऱ्या करून ठेवला यांनी. आता कसलं वरीस?" ती पायरीवरून उठली, भाविकाच्या शेजारी येऊन बसली आणि बोट पुढे केलं. "कुठं दाबायचं, दाव."

भाविकाने दाखवलं. गोदूबाईने दाबलं. घोळ उचलून हसणारा म्हातारा यादीतून गेला.

साहिल उठला, त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "मग, तो... विषय मागे घेतो मी." नीलेशने त्याच्याकडे बघितलंही नाही. हेमाली उठून गेली होती. तिची ड्युटी होती.

७

त्याच दुपारी संचिताने याचिकेतून तारोडीचा परिच्छेद काढून टाकला. निकेतने फोनवर एवढंच विचारलं, "आता पहिलं काय ठेवायचं?"

"आज जे बघितलं ते. म्हणजे, पुरावा म्हणून नाही, मुद्दा म्हणून. माणूस फुटला तर गाव त्याला समोर उभा करतं, त्याचा फोन वाजवून बघतं. यंत्राने फोडलं तर कोणाला उभं करायचं? कोणाचा फोन वाजवायचा? आणि एक ध्यानात घे. यंत्र नव्हतंच, तरी नुसतं 'आहे' म्हटल्यावर एका गावाने शेजारीण गमावायची तयारी केली."

"हे बरं आहे," निकेत कुरकुरत म्हणाला. "सोनं नाही, पण बरं आहे."

"आणि माझं नाव बदल."

सोमवारी सुनावणीत पुढची तारीख पडली. शहरप्रमुखांना पत्रकारांनी चाचणीबद्दल विचारलं, तेव्हा ते म्हणाले की आपलं भाषण तोडूनमोडून दाखवलं गेलं. वाहनतळाचा दगड खळ्याच्या कडेला तसाच होता आणि त्याच्यापासून दोन हातांवर बायकांनी भूमिपूजनाला सोडवलेल्या वलांड्या पुन्हा बांधून घेतल्या होत्या.

कोर्टाच्या जिन्यावर संचिताला भाविकाचा फोन आला.

"मॅडम, हेमालीला परत घेतलं ग्रुपमध्ये. काल संध्याकाळी मेसेज टाकला सगळ्यांसमोर. 'हेमाली, आमचं चुकलं. सासूला उद्या खळ्यावर पाठव, तिची वलांडी मोकळी ठेवली आहे.' सासू आली सकाळी. बोलली नाही कोणाशी, पण आली."

"आणि हेमाली?"

"मेसेज पोचलाय तिला, दोन खुणा आल्यात. पण निळं होत नाहीये. बाकी सगळ्यांनी वाचलं. कालपासून सतरा वेळा उघडून बघतेय मी. ती ड्युटीवर असेल का, मॅडम? की बघून पण उघडत नसेल?"

संचिताने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की हे हेमालीशिवाय कोणालाच ठाऊक नाही.

"तिला विचारा," ती म्हणाली. "घरी जाऊन."

पलीकडे भाविकाने फोन ठेवला नाही. वलांडीखालून चालत गेल्याचा, मग कोणाच्या तरी अंगणातली कडी वाजवल्याचा आवाज आला.

"हेमाली," तिने हाक मारली. "अगं, मी चिंगी."